न काढलेले सोळा ठिपके : चॅलेंजरच्या आदल्या रात्रीचे तक्ते

२७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी अमेरिकेतल्या यूटा राज्यातून तेरा पानं फॅक्सने निघाली. काही नासाच्या अलाबामातल्या मार्शल केंद्रात पोचली, काही फ्लोरिडातल्या केनेडी केंद्रात. बहुतेक पानं हाताने लिहिलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चॅलेंजर यान उडवायचं की थांबवायचं, हे त्या पानांवरून ठरणार होतं. पाठवणाऱ्या अभियंत्यांचं म्हणणं होतं की एवढ्या थंडीत उडवू नका, आणि ते शंभर टक्के बरोबर होतं. तरीही यान उडालं. ७३ व्या सेकंदाला ते आकाशात विखुरलं आणि सातही जण गेले.

मी लोकांना आलेख काढायला शिकवतो. चांगला आलेख कसा असतो, असं कुणी विचारलं की रंग, अक्षरं, सॉफ्टवेअर यांवर तासभर सहज बोलता येतं. मी मात्र या तेरा पानांपासून सुरुवात करतो. इथे माहिती खरी होती. माणसं हुशार होती, प्रामाणिक होती, काळजीने पोखरलेली होती. निष्कर्षही अचूक होता. एवढं सगळं असूनही तो निष्कर्ष कागदावरून समोरच्याच्या डोक्यात उतरला नाही. आलेखाचं काम नेमकं काय असतं, ते या प्रकरणात जितकं उघड दिसतं तितकं मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

सांधा, रबर आणि थंडी

तक्ते समजायचे तर यंत्र थोडं समजून घ्यायला हवं. यानाच्या दोन्ही बाजूंना घन इंधनाचा एकेक बूस्टर, म्हणजे यानाला वर ढकलणारं रॉकेट, असे. तो यूटात मॉर्टन थायोकॉल कंपनीत तुकड्यांमध्ये तयार व्हायचा आणि उड्डाणतळावर जोडला जायचा. प्रत्येक सांध्यात रबराच्या दोन गोल कड्या असत, त्यांना ओ-रिंग म्हणतात. एका कडीची जाडी जेमतेम ७ मिलिमीटर आणि घेर साडेअकरा मीटरच्या आसपास. बूस्टर पेटला की आतल्या दाबाने कवच किंचित फुगतं आणि सांध्यातली फट सेकंदभराच्याही आत रुंदावते. तेवढ्या वेळात दबलेल्या रबराने उसळून फट बुजवायची असते. नाही बुजवली तर धगधगता वायू बाहेर निसटतो.

थंड रबर आळसावतं, हे कुणालाही माहीत असतं. थायोकॉलने ते मोजूनही पाहिलं होतं. दोन पट्ट्यांमध्ये कडी दाबायची, पट्ट्या थोड्या लांब करायच्या आणि कडी त्यांना पुन्हा कधी चिकटते ते पाहायचं. १०० अंश फॅरनहाइटला (३८ सेल्सियस) ती सुटलीच नाही. ७५ अंशांना २.४ सेकंद सुटलेली राहिली. ५० अंशांना (१० सेल्सियस) दहा मिनिटं वाट पाहिली तरी ती परत टेकली नाही आणि चाचणी तिथेच थांबवली. जुलै १९८५ मध्ये रॉजर बोझोले या अभियंत्याने वरिष्ठांना लेखी कळवलं होतं की हा प्रश्न सोडवला नाही तर माणसांचे जीव जातील.

२८ जानेवारीच्या सकाळचा अंदाज गोठणबिंदूच्या खालचा होता.

तेरा पानांत काय होतं

रात्री पावणेनऊला तीन ठिकाणची माणसं फोनवर एकत्र आली. कुणालाही कुणाचा चेहरा दिसत नव्हता. बोलणाऱ्याचा आवाज आणि हातातली फॅक्सची पानं, एवढंच काय ते होतं. कागदावर जे नाही ते हातवाऱ्यांनी, फळ्यावर रेघ ओढून किंवा समोरच्याच्या कपाळावरची आठी पाहून भरून काढायची सोय नव्हती.

त्यातलं एक पान मी नेहमी जवळून दाखवतो. त्याचं शीर्षक होतं ‘ओ-रिंगच्या तापमानांचा इतिहास’. त्यात सात ओळी होत्या. डावीकडे मोटरचं (म्हणजे बूस्टरचं) नाव, मग इंधनाचं तापमान, हवेचं तापमान, ओ-रिंगचं तापमान आणि शेवटी वाऱ्याचा वेग. ओ-रिंगचे आकडे, सगळे फॅरनहाइटमध्ये, असे होते : डीएम-४ ला ४७, डीएम-२ ला ५२, क्यूएम-३ ला ४८, क्यूएम-४ ला ५१, एसआरएम-१५ ला ५३, एसआरएम-२२ ला ७५ आणि एसआरएम-२५ ला २९.

इथे जरा थांबून पाहा. पहिल्या चार मोटरी कधी उडाल्याच नव्हत्या. त्या जमिनीवर आडव्या ठेवून पेटवलेल्या चाचणीच्या मोटरी होत्या. शेवटची ओळ म्हणजे उद्याचं उड्डाण. ‘इतिहास’ म्हणवणाऱ्या या पानावर प्रत्यक्ष झालेली उड्डाणं उरतात फक्त दोन, आणि तोवर तर २४ झाली होती. दुसरी गोष्ट अशी की वाऱ्याच्या वेगाला अख्खा रकाना दिला आहे आणि झालेल्या सहा ओळींमध्ये त्यात ताशी १० मैल हाच आकडा आहे. ओ-रिंगचं काय झालं, ती झिजली की शाबूत राहिली, याला रकानाच नाही. थंडी आणि इजा यांचा संबंध दाखवायला बसलेल्या माणसांच्या तक्त्यात थंडी आहे, इजा नाही. इजा दुसऱ्या पानावर होती. मग हे पान आणि ते पान वाचणाऱ्याने मनातल्या मनात जोडायचं, तेही रात्री, फोनवर, उड्डाणाचं दडपण डोक्यावर असताना.

जोडायला गेलं तर नावं आडवी येत. एकाच उड्डाणाला नासाचा एक क्रमांक, थायोकॉलच्या मोटरचा दुसरा आणि शिवाय उड्डाणाची तारीख, अशी तीन नावं चालत. एसआरएम-१५ म्हणजेच ५१-सी आणि म्हणजेच जानेवारी १९८५ चं उड्डाण, हे रोज त्यात बुडालेल्या माणसाला सांगावं लागत नाही. बाकीच्यांना प्रत्येक पानावर नव्याने ताळमेळ घालावा लागतो.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र एका तुलनेने केलं. त्या रात्रीचा वाद दोन उड्डाणांभोवती फिरत राहिला. एसआरएम-१५ हे ५३ अंशांचं, तोवरचं सगळ्यात थंड उड्डाण. एसआरएम-२२ हे ७५ अंशांचं, चांगलं उबदार. दोन्हींमध्ये गरम वायू पहिल्या कडीला ओलांडून निसटला होता. मार्शलचे लोक म्हणाले, थंडीतही झालं आणि उबेतही झालं, मग थंडीचा संबंध कसा मानायचा? कागदावर जे होतं त्यावरून हा प्रश्न रास्तच होता. निष्कर्षांच्या पानाची सुरुवातही अशीच होती : वायू निसटण्याचं कारण ओ-रिंगचं तापमान हे एकटंच नाही. त्याखाली लिहिलं होतं की ४७ ते ५२ अंशांच्या चार चाचण्यांमध्ये काहीही निसटलं नव्हतं. उद्या उडवू नका असं सांगायला आलेल्यांच्या कागदावर उडवायला हरकत नाही म्हणणाऱ्यांसाठीच मुद्दे मांडून ठेवलेले होते.

या दोन घटना मुळात सारख्या नव्हत्याच. एसआरएम-१५ मध्ये दोन सांध्यांत काजळी कडीच्या घेरावर ८० आणि ११० अंश कोनांच्या चापांत पसरली होती आणि ती कोळशासारखी काळीकुट्ट होती. एसआरएम-२२ मध्ये हाच चाप ३० ते ४० अंश कोनाचा होता, रंग राखाडी. बोझोलेने स्वतःच्या हातांनी ते सांधे तपासले होते. त्याच्या लेखी या दोन वेगळ्याच गोष्टी होत्या. कागदावर मात्र चापांचे आकडे एका ओळीत कंसात कोंबलेले राहिले आणि चर्चेत दोन्हींना एकच शब्द लागला : वायू निसटला. हो किंवा नाही एवढंच मोजलं की सगळ्या इजा सारख्या दिसतात. किती, हे मोजायची जागा उभा अक्ष देतो. त्या तेरा पानांत असा अक्षच नव्हता.

न घडलेल्या गोष्टी

या प्रकरणाचा गाभा इथे आहे, म्हणून थोडं रेंगाळतो.

२४ उड्डाणांपैकी एकाचे बूस्टर समुद्रात बुडाले होते. उरलेल्या २३ उड्डाणांचे बूस्टर परत मिळाले आणि त्यांचे सांधे तपासून झाले होते. त्यांतल्या ७ मध्ये सांध्यातल्या कडीला धग लागल्याच्या खुणा सापडल्या. त्या उड्डाणांची तापमानं होती ५३, ५७, ५८, ६३, ७०, ७० आणि ७५. फक्त हे सात ठिपके कागदावर मांडले तर डावीकडे काही, उजवीकडे काही, असं विखुरलेलं चित्र दिसतं. ठाम संबंध काही दिसत नाही. जो म्हणेल की तापमानाशी घेणंदेणं नाही, त्याला या चित्रातून उत्तर देता येत नाही.

आता उरलेली सोळा उड्डाणं घ्या, ज्यांत काहीच झालं नाही. त्यांची तापमानं : ६६, तीनदा ६७, ६८, ६९, दोनदा ७०, ७२, ७३, ७५, दोनदा ७६, ७८, ७९ आणि ८१. हे सोळा ठिपके शून्याच्या रेषेवर ठेवले की चित्र पालटतं. ६६ अंशांच्या खाली चार उड्डाणं झाली आणि चारही वेळा इजा झाली. ६६ आणि त्यावर एकोणीस झाली, त्यांत इजा तीनदा. उजवीकडे शून्याच्या रेषेवर शांत ठिपक्यांची दाटी आहे आणि डावीकडे त्या रेषेवर एकही ठिपका नाही. हे समजायला संख्याशास्त्र शिकलेलं असावं लागत नाही. नंतर संख्याशास्त्रज्ञांनी हीच आकडेवारी रीतसर तपासली, तेव्हाही तापमानाचा संबंध ठळकपणे निघाला.

ही चूक इतकी सहज होते की मी दर महिन्याला कुठे ना कुठे ती पाहतो. ग्राहक का सोडून गेले याच्या अहवालात फक्त गेलेले ग्राहक असतात. यंत्र का बंद पडलं याच्या आलेखात फक्त बंद पडलेली यंत्रं असतात. बिघाडाची नोंद होते, त्याची फाइल तयार होते, तो चर्चेत येतो. जे सुरळीत पार पडलं त्याची फाइल कुणी उघडत नाही. मात्र कशामुळे बिघडलं हे कळायला, काय असताना बिघडलं नाही हेही त्याच कागदावर लागतं. आलेख काढायला बसलेल्या माणसाने पहिला प्रश्न हाच विचारावा असं मला कळकळीने वाटतं : यात कोण नाही?

अपघातानंतर नेमलेल्या आयोगाने जून १९८६ मधल्या अहवालात हे दोन आलेख लागोपाठ छापले, एक सात उड्डाणांचा आणि एक सगळ्यांचा. ती दोन चित्रं एकापाठोपाठ पाहताना आजही माझ्या पोटात खड्डा पडतो.

रॉकेटांची चित्रं

चौकशीच्या काळात थायोकॉलने आणखी एक मांडणी आयोगापुढे ठेवली. तिच्यात प्रत्येक उड्डाणासाठी दोन छोट्या रॉकेटांची चित्रं रांगेत काढली होती. प्रत्येक रॉकेटवर कुठल्या सांध्याला काय झालं याच्या खुणा होत्या आणि तापमान आकड्यात लिहिलेलं होतं. इथे माहिती पूर्ण होती. रात्रीच्या पानांत जे नव्हतं ते सगळं होतं. चित्रंही होती, म्हणजे आजच्या भाषेत मांडणी ‘आकर्षक’.

पण रांग लावली होती तारखेनुसार. १९८१ चं पहिलं उड्डाण आधी, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. प्रश्न मात्र काळाचा नव्हताच, थंडीचा होता. तारखेच्या क्रमात थंड आणि उबदार उड्डाणं एकमेकांत मिसळून जातात आणि नजरेला काही सापडत नाही. तीच चित्रं, तेच आकडे, फक्त तापमानाच्या क्रमाने लावले असते तरी बहुतेक खुणा एका टोकाला गोळा झाल्या असत्या. आडव्या अक्षावर काय ठेवायचं हा निर्णय रंग आणि चित्रांच्या खूप आधीचा आहे. सवयीने आपण तिथे तारीख ठेवतो, कारण नोंदी तारखेनेच येतात. ज्या कारणावर आपला संशय आहे ते तिथे ठेवायला एक पाऊल वेगळं टाकावं लागतं.

बर्फाचं पाणी

सगळ्यांच्या लक्षात राहिलेलं दृश्य वेगळंच आहे. ११ फेब्रुवारी १९८६ ला आयोगाच्या जाहीर बैठकीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी ओ-रिंगच्या रबराचा तुकडा छोट्या शिकंज्यात आवळला आणि समोरच्या बर्फाच्या पाण्यात बुडवला. थोड्या वेळाने बाहेर काढून शिकंजा सोडला. रबर लगेच पूर्ववत झालं नाही. कॅमेरे चालू होते.

लोकांना खिळवून ठेवणारं म्हणजे काय, ते इथून शिकावं. त्या प्रयोगात सजावट काहीच नव्हती. एक वस्तू, एक कारण, एक परिणाम, आणि तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घडतो. यंत्रात जे घडलं तेच हातात धरून दाखवलं होतं, म्हणून ते पटलं. रॉकेटांच्या चित्रांनी पान भरलं होतं, बर्फाच्या पाण्याने मुद्दा समोर ठेवला. काटेकोर बोलायचं तर त्यातही एक कमी राहिली : साध्या तापमानाच्या पाण्यात तसाच दुसरा तुकडा बुडवून शेजारी ठेवला नव्हता. इथेही ‘न घडलेली’ बाजू गाळली गेलीच.

दोष कुणाचा

१९९७ मध्ये आलेखांच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी या तेरा पानांची बारकाईने चिकित्सा केली. वर सांगितलेलं बरंचसं, म्हणजे नावांचा गोंधळ, लेखकांची नावं नसणं, दोनच उड्डाणांवर भर, तारखेने लावलेली रॉकेटं, त्यांनीच प्रथम ठसठशीतपणे मांडलं. योग्य आलेख असता तर उड्डाण थांबलं असतं, अशी त्यांची धारणा होती.

२००२ मध्ये याला उत्तर आलं आणि लिहिणाऱ्यांत स्वतः बोझोले होता. त्यांचं म्हणणं असं की त्या रात्री सगळ्या उड्डाणांच्या ओ-रिंगची तापमानं त्यांच्या हाताशी नव्हतीच. ती माहिती आधी मागूनही मिळाली नव्हती. हातात नसलेल्या आकड्यांचा आलेख काढला नाही म्हणून कुणाला दोष देता येत नाही. मला हे उत्तर पटतं. थांबवायचं का, हे ठरवण्यासाठी तयारीला मिळाले काही तास. आकड्यांत सिद्ध करा असं बोझोलेला सांगितलं, तेव्हा त्याने कबूल केलं की आकडे नाहीत, पण आपण अनुभवाच्या चांगल्या टोकापासून दूर चाललोय एवढं नक्की. ‘मग काय पुढच्या एप्रिलमध्ये उडवू का?’ असं फोनवर विचारणाऱ्या मार्शलच्या लोकांपुढे एवढं बोलायला धैर्य लागतं.

तरी टफ्टींचा धडा त्यामुळे खोटा ठरत नाही, त्याची जागा बदलते. तो आलेख २७ जानेवारीच्या संध्याकाळी नव्हे, तर वर्षभर आधी, ५१-सी चे काळे सांधे पाहिले त्या आठवड्यात काढायला हवा होता, आणि त्यासाठी माहिती मागणाऱ्याला ती मिळायला हवी होती. आणीबाणीच्या रात्री फक्त तोच आलेख कामी येतो जो आधीपासून भिंतीवर लावलेला असतो.

आणखी एक कागद या प्रकरणात आहे आणि तो फारसा कुणी दाखवत नाही. फोनवर पाच मिनिटांची सुट्टी मागून थायोकॉलचे लोक बाजूला झाले, ती चर्चा अर्धा तास चालली आणि व्यवस्थापनाने निर्णय फिरवला. मग नवा फॅक्स गेला. तो एकच पान होता. त्यावर शीर्षक होतं, मुद्दे क्रमाने होते, शेवटी ‘उड्डाण करावं’ अशी स्पष्ट शिफारस होती आणि उपाध्यक्ष जो किलमिन्स्टर यांची सही होती. त्या पानावर हेही लिहिलेलं होतं की उद्याच्या ओ-रिंग एसआरएम-१५ पेक्षा २० अंशांनी थंड असतील. तरीही ते पान चाललं. चुकीचा निष्कर्ष एका पानावर, सहीसह, नीट मांडलेला होता आणि बरोबर निष्कर्ष तेरा विस्कळीत पानांत, निनावी. नीटनेटकेपणा सत्याची हमी देत नाही हे त्या पानावरून कळतं, आणि सत्याची बाजू घेणाऱ्याला नीटनेटकेपणा टाळून चालत नाही हेही कळतं.

वर्गातला कागद

वर्गात मी ही २३ तापमानं आणि सात इजा एका साध्या यादीत देतो, उड्डाणाच्या क्रमाने, प्रकरणाचं नाव न सांगता. आलेख काढा, एवढंच सांगतो. बरेच जण आधी तारखेनुसार रेषा काढतात. कुणीतरी तापमान आडव्या अक्षावर घेतं आणि ‘अरे!’ असा आवाज येतो. सॉफ्टवेअर अक्ष आपोआप ५० पासून ८५ पर्यंत आखून देतं, सगळे ठिपके मावतात, आलेख पूर्ण दिसतो.

मग मी सांगतो, उद्याचं उड्डाण २९ अंशांवर आहे, तेही याच आलेखावर ठेवा. सॉफ्टवेअरवाले अक्षाची सुरुवात बदलतात. ज्यांनी हाताने काढलाय त्यांना डावीकडे दुसरा कागद चिकटवावा लागतो. ५३ पासून ८१ पर्यंतचा सगळा अनुभव २८ अंशांच्या पट्ट्यात आहे. त्या पट्ट्याच्या डाव्या कडेपासून उद्यापर्यंत आणखी २४ अंश कोरे आहेत, एकही ठिपका नसलेले. चिकटवलेल्या कागदाच्या पार टोकाला २९ ची खूण करेपर्यंत वर्गात कुणी बोलत नाही.